भोंगा सिस्टरची किल्ली

चार नंबर वॉर्डातल्या सिस्टरला सगळं हॉस्पिटल भोंगा सिस्टर म्हणायचं, आणि तेही पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर. पाठीमागे म्हणण्यात अर्थच नव्हता, कारण तिच्या आवाजाला पाठ-पोट असं काही नव्हतं, तो एकाच वेळी सगळीकडे असायचा. ती चार नंबरमध्ये "ताप उतरला हो" म्हणाली, की दोन नंबरमधल्या पेशंटनाही जरा हलकं वाटायचं. ती कुजबुजली, की खालच्या मजल्यावरचा औषधवाला मान वर करून "कोणती गोळी?" असं विचारायचा. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने टेबलावरच्या घंटीला एकदाही हात लावला नव्हता. घंटी बिचारी गंजून गेली होती.

पण तिचा आवाज खरा फुलायचा तो दुपारी दोन वाजता, हँडओव्हरला. सकाळची सिस्टर घरी जाते, दुपारची येते, आणि जाणारी येणारीला सगळं सांगून चार्ज देते, त्याला हँडओव्हर म्हणतात. पूर्वी ते टेबलापाशी दोन मिनिटांत उरकायचं. मग व्यवस्थापक साहेबांनी नियम काढले, ते सोनेरी चौकटीत बसवले आणि वॉर्डाच्या भिंतीवर टांगले. हँडओव्हर खाटेपाशीच द्यायचं, आणि खणखणीत आवाजात, म्हणजे पेशंटलाही कळेल. चालू असताना कोणीही मध्ये बोलायचं नाही, डॉक्टर नाही आणि साहेबही नाही. येणाऱ्या सिस्टरने प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवायची. काही समजलं नाही तर तिने विचारायचं, आणि ज्याला माहीत असेल त्याने सोप्या शब्दांत उत्तर द्यायचं. शेवटी तिने "चार्ज घेतला" असं म्हणेपर्यंत हँडओव्हर संपलं असं धरायचं नाही. या नियमांबद्दल साहेबांना एक प्रशस्तिपत्र मिळालं होतं आणि ते नियमांच्या चौकटीपेक्षाही मोठ्या चौकटीत त्यांच्या ऑफिसात होतं.

भोंगा सिस्टरला हे नियम म्हणजे आंधळा मागतो एक डोळा. तिचं हँडओव्हर ऐकायला पेशंट उशा टेकून बसायचे. तीन नंबरच्या खाटेला काल रात्री झोप लागली की नाही याची सोळा नंबरला रोज उत्सुकता असायची.

चार्ज घ्यायला यायची ती चिमणी सिस्टर. हिचं सगळं उलट. एवढीशी चण, एवढासा आवाज. ती "चार्ज घेतला" म्हणाली की नाही हे ओठांकडे बघूनच ठरवावं लागायचं.

असं सगळं सुखाने चाललं होतं, आणि एका सोमवारी साहेब आले.

त्यांना सगळे गोड साहेब म्हणायचे. बातमी कसलीही असो, ते ती वाढदिवसाचं आमंत्रण दिल्यासारखी द्यायचे. लिफ्ट बंद झाली तेव्हा ते म्हणाले होते, "आता आपले रुग्ण चालते होणार." दुपारच्या तीन सिस्टरपैकी एक कमी झाली तेव्हा म्हणाले होते, "टीम सडपातळ झाली." संध्याकाळचं गरम पाणी गेलं तेव्हा थंड पाण्याने त्वचेला कशी झळाळी येते यावर त्यांनी दहा मिनिटं सांगितलं होतं. गरम पाणी गेल्याचं दोन नंबरच्या एका सिस्टरने एका पेशंटच्या भावाला सांगून टाकलं, तर तिची बदली तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत झाली. तिथे तिला सर्दी झाली ती वर्ष होत आलं तरी गेलेली नव्हती. जिन्यात उभं राहिलं की खालून तिची शिंक ऐकू यायची आणि सगळ्याजणी आपोआप ओठ मिटायच्या.

"सिस्टर," साहेब हसत म्हणाले, "आनंदाची गोष्ट आहे. येत्या सोमवारपासून ड्रेसिंगची खोली नव्या स्वरूपात उपलब्ध होतेय."

"नव्या म्हणजे रंग देणार का?" भोंगा सिस्टरने विचारलं. खाली औषधवाल्याने मान वर केली.

"हळू, हळू. रंग नाही. ती नदीपलीकडच्या इमारतीत उपलब्ध होईल."

"आणि इथली?"

"इथली नव्या स्वरूपात नसेल."

भोंगा सिस्टरने मनात हिशेब मांडला. नदीपलीकडची इमारत म्हणजे दोन बस आणि वर तो उभा चढ. ड्रेसिंगच्या खोलीत येणारी माणसं म्हणजे कोणाचा पाय, कोणाची टाच, कोणाचं गुडघ्याखालचं सगळंच. तो चढ चढता आला असता तर ती ड्रेसिंगला आलीच कशाला असती?

"पेशंटना कधी सांगायचं?"

"योग्य वेळी. सोमवारी दारावर पाटी लागेल ना."

"म्हणजे ती माणसं लंगडत इथवर येणार, तीन मजले जिना चढणार, पाटी वाचणार आणि लंगडत परत जाणार?"

"किती नकारात्मक बोलता हो तुम्ही," साहेब गोड हसले आणि त्यांनी परिपत्रक पुढे केलं. त्यात लिहिलं होतं की सेवांमधल्या बदलांबद्दल कोणत्याही कर्मचाऱ्याने रुग्ण, नातेवाईक, शेजारीपाजारी किंवा घरची माणसं यांच्याशी बोलू नये. 'बंद' हा शब्द वापरू नये. वापरल्यास तळघर.

मग त्यांनी खिशातून बशीएवढा हिरवा बिल्ला काढला आणि स्वतःच्या हाताने तिच्या छातीवर लावला. "ही आपली नवी मोहीम. रुग्णांशी मोकळा संवाद."

बिल्ल्यावर मोठ्या अक्षरांत होतं: मला विचारा.

* * *

बुधवारी शिंपीकाका आले. आयुष्यभर शिवणकाम केलं, कधी बोटाला सुई टोचून घेतली नाही, आणि दुकान बंद करून घरी बसल्यावर मोठी कात्री पायावर पाडून घेतली. त्यात रक्तात साखर. जखम अशी भरत होती जशी उधारीवरची शिलाई, आज एक टाका, उद्या सुट्टी. दर सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी ते यायचे, जिन्यात तीनदा बसायचे आणि वर आल्यावर भोंगा सिस्टरच्या पट्टीला नावं ठेवायचे.

"ही कड सुटणार बघ. दुमड आत घे."

तिने दुमड आत घेतली.

"आज गप्प का? तुझा आवाज ऐकत ऐकत मी जिना चढतो. आज मला वाटलं चुकून भलत्याच इमारतीत शिरलो."

तिने मान हलवली.

"बरं, शनिवारी तर येतोच, पण सोमवारी किती वाजता येऊ? सकाळी येऊ की दुपारी?"

भोंगा सिस्टरच्या घशात ते सगळं एकदम वर आलं, दोन बस, चढ, पाटी, सगळं. काकांनी चष्मा पुसला आणि तिच्या छातीवरचा बिल्ला वाचला.

"विचारा असं लिहिलंय म्हणून विचारतोय हो. नाहीतर मी कशाला नसत्या चौकशा करीन."

आणि तोंड उघडणार एवढ्यात तिला समोरच्या पेल्यातला थर्मामीटर दिसला. तिने तो उचलला आणि सरळ स्वतःच्या जिभेखाली सारला. ओठ घट्ट मिटले. काका बघतच राहिले.

"तुलाच ताप आहे? मग मला कशाला बांधतेस, तू झोप की."

त्या दिवसापासून भोंगा सिस्टर थर्मामीटर तोंडात धरूनच फिरायला लागली. कोणी बिल्ला वाचून तोंड उघडलं की हिचा थर्मामीटर आत. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सवयीने तो काढून वाचला, म्हणाले, "नॉर्मल," आणि परत तिच्या तोंडात ठेवून पुढे गेले. हँडओव्हरही ती वहीत लिहून चिमणी सिस्टरपुढे सरकवायची. नऊ नंबरच्या खाटेवर एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, कंबर धरलेली, पण जीभ अगदी मोकळी. त्या चिमणी सिस्टरला म्हणाल्या, "तुमच्या बाईंना काय झालंय? तीन दिवस झाले, सोळा नंबरला झोप लागली की नाही ते मला कळलेलं नाही."

चिमणी सिस्टरने ओठ हलवले. काही ऐकू आलं नाही. पण या वेळी ते तिच्या आवाजामुळे होतं की परिपत्रकामुळे, ते तिचं तिलाच ठाऊक.

* * *

घरी तर कहरच झाला. घरात तीन माणसं, भोंगा सिस्टर, तिच्या सासूबाई आणि दहावीतली लेक. भोंगा सिस्टर आली, चपला काढल्या, हात धुतले आणि गप्प बसली.

सासूबाई आतून काठी टेकत आल्या. "कोण गेलं?"

"कोणी नाही, आई."

"मग घरात एवढी शांतता का? समोरच्या बाई विचारून गेल्या, तुमची सून माहेरी गेली का म्हणून."

आता सासूबाईंना सांगावं, तर त्यांच्या कानात गेलेली गोष्ट म्हणजे गल्लीच्या भिंतीवर रंगवलेली गोष्ट. तरी त्या स्वतः म्हणायच्या की मी कोणाचं कोणाला सांगत नाही, आणि ते खरंच होतं, त्या सगळ्यांचं सगळ्यांना सांगायच्या.

"घसा बसलाय," भोंगा सिस्टर हळूच म्हणाली. समोरच्या बाईंनी खिडकी उघडली.

मग काय, मिठाच्या कोमट पाण्याची मोठी लोटी आली. भोंगा सिस्टर मोरीपाशी उभी राहिली, घोट घेतला, मान मागे टाकली आणि गुळणी करता करता तिच्या लक्षात आलं की या आवाजात कोणालाच काही कळणार नाही. मग मात्र ती सुटली. ड्रेसिंगची खोली, दोन बस, चढ, शिंपीकाका, बिल्ला, तळघर, सगळं सगळं तिने त्या गुळण्यांत सांगून टाकलं. लोटी संपली तेव्हा तिला तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. तिने दुसरी लोटी मागितली.

दाराशी लेक उभी होती. "आई, तू कोणाशी बोलत होतीस?"

"गुळण्या करत होते."

"तुझ्या गुळण्यांना स्वल्पविराम होते. आणि मध्ये एकदा तू रडवेली झालीस."

"मला गप्प राहायचंय, बाळा."

"कोणी सांगितलं?"

"तेही सांगायचं नाही."

लेक कट्ट्यावर चढून बसली. "आमच्या गणिताच्या बाईंसारखं आहे हे. शंका असतील तर विचारा म्हणतात, आणि हात वर केला की म्हणतात, हात खाली. मी आता काय करते माहितेय? हात वरच ठेवते. काही बोलत नाही, नुसता ठेवते. पाच मिनिटांनी त्यांनाच राहवत नाही."

"हात दुखत नाही का?"

"दुखतो. मग दुसरा वर करते."

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "काय कोंडलंय ते कोंडू दे तिला. पण एक सांगते, सूनबाई, पोटात कोंबलेलं कधी ना कधी बाहेर पडतंच, आणि पडतं ते नेमकं पाहुण्यांसमोर."

भोंगा सिस्टरने दुसरी लोटी तोंडाला लावली. सोमवारला चार दिवस उरले होते.

* * *

शनिवारी दुपारी पावणेदोनला पाहुण्या आल्याच.

वरच्या कार्यालयातल्या बाई होत्या, जाड चष्मा, हातात वही. गोड साहेबांनी त्यांना मुद्दाम दोन वाजताची वेळ दिली होती, म्हणजे त्यांना ते प्रशस्तिपत्रवालं हँडओव्हर प्रत्यक्ष बघता येईल. लिफ्ट नव्या स्वरूपात असल्यामुळे बाई तीन मजले जिन्याने आल्या, तेही नव्या बुटांत. तिसऱ्या मजल्यापर्यंत बुटाने डाव्या टाचेचं कातडं सोलून काढलं होतं. वॉर्डात शिरताच त्या पहिल्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथूनच बघते."

ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाकावर शिंपीकाका बसले होते. त्यांची पट्टी बदलून झाली होती, पण जिना उतरायच्या आधी ते नेहमीच पाऊण तास दम खायचे. वॉर्डाचं दार उघडं होतं.

साहेबांनी भोंगा सिस्टरच्या कानाशी तोंड नेलं. "नेहमीसारखं, खणखणीत होऊ दे. आणि तो थर्मामीटर काढा."

तिने थर्मामीटर काढला. चार दिवसांनी जीभ मोकळी झाली, आणि घड्याळात दोन वाजले.

ती एक नंबरच्या खाटेपाशी उभी राहिली आणि तिने सुरुवात केली, आणि अहाहा, काय तो आवाज. पडदे हलले. औषधवाल्याने खाली खुर्ची ओढून घेतली. एक नंबर, ताप नाही, जेवण निम्मं, लघवी व्यवस्थित. चिमणी सिस्टर मागोमाग पुटपुटत होती. तीन नंबरला झोप लागली. सोळा नंबरला लागली नाही, पण घोरण्याचा आवाज आला. मास्तरीणबाईंनी समाधानाने मान डोलावली. साहेब वरच्या बाईंकडे बघून हसत होते.

खाटा संपल्या की वस्तू. हाही रोजचाच पाठ, बावीस वर्षांचा. तो म्हणताना भोंगा सिस्टरला विचार करावा लागायचा नाही, जसा आपल्याला घरचा जिना उतरताना लागत नाही. वस्तू सांगायची, तिची अवस्था सांगायची, कारण सांगायचं, पुढे.

"ऑक्सिजनचे सिलिंडर दोन, भरलेला एक. चाकाची खुर्ची एक, चाकं तीन, चौथ्याचा अर्ज दिलाय, उत्तर नाही. इंजेक्शनच्या सुया एक खोका. औषधांच्या कपाटाची किल्ली एक, ही घे. ड्रेसिंगच्या खोलीची किल्ली एक, सोमवारपासून खोली कायमची बंद, किल्ली ऑफिसात जमा करायची, पेशंटनी नदीपलीकडच्या इमारतीत जायचं, दोन बस आणि चढ, पेशंटना अजून सांगितलेलं नाही, ही घे."

किल्ली हवेतच राहिली.

वॉर्डात इतकी शांतता झाली की तळघरातली शिंक वरपर्यंत ऐकू आली. भोंगा सिस्टरचा दुसरा हात थर्मामीटर शोधू लागला. बाहेर बाकावर शिंपीकाका उठून उभे राहिले होते.

साहेबांचं हसू जागच्या जागी होतं, पण त्याच्या आतला माणूस निघून गेला होता. "सिस्टर, मला वाटतं तुम्हाला..."

"मध्ये बोलायचं नाही, साहेब," नऊ नंबरवरून मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. "दुसरा नियम. कोणीही नाही. खाली तुमचीच सही आहे."

साहेबांनी वरच्या बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा वर सरकवून नियम वाचत होत्या. साहेबांनी तोंड मिटलं.

आता पाळी चिमणी सिस्टरची. नियमाप्रमाणे तिने परत म्हणून दाखवायचं होतं. तिने ते म्हटलं. कोणालाच ऐकू आलं नाही.

"खणखणीत," सोळा नंबर म्हणाला. "पहिला नियम."

चिमणी सिस्टरने एकदा भोंगा सिस्टरच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे, म्हणजे जमिनीखालच्या तळघराकडे पाहिलं. आणि मग तिच्यातून आवाज निघाला. कुठे ठेवला होता इतकी वर्षं कोण जाणे.

"ड्रेसिंगच्या खोलीची किल्ली एक. सोमवारपासून खोली कायमची बंद. पेशंटना सांगितलेलं नाही." ती थांबली. सगळे "चार्ज घेतला" ची वाट बघत होते. "मला समजलं नाही," चिमणी सिस्टर म्हणाली. "बंद का?"

आता हे मात्र भोंगा सिस्टरलाही माहीत नव्हतं. तिने हळूच मान वळवून साहेबांकडे पाहिलं. वॉर्डातल्या सोळा खाटांनीही पाहिलं.

"ज्याला माहीत असेल त्याने उत्तर द्यायचं," मास्तरीणबाईंनी चौथा नियम वाचून दाखवला. "आता बोला, साहेब. आता परवानगी आहे."

साहेबांनी घसा साफ केला. "म्हणजे असं आहे की, सेवेच्या सुसूत्रीकरणाच्या दृष्टीने, ती नव्या स्वरूपात..."

"सोप्या शब्दांत."

"ती अन्यत्र उपलब्ध..."

"साहेब, मी चाळीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवलंय. वर्गातल्या शेवटच्या मुलाला कळेल असं."

साहेबांचे गोड शब्द एकेक करून संपत गेले, आणि खाली डब्यात फक्त एकच शब्द उरला.

"बंद," ते म्हणाले. "खोली बंद होणार आहे. खर्च कमी करायचा आहे."

"हा शब्द आता चालतो का, साहेब?" चिमणी सिस्टरने अगदी निरागसपणे विचारलं. "म्हणजे परिपत्रकात..."

"कोणतं परिपत्रक?" वरच्या बाई म्हणाल्या.

साहेब घाईघाईने म्हणाले, "वरूनच आलं होतं, मॅडम, सगळं. खोलीचंही."

"वर तर मी बसते."

यावर काय बोलावं हे कुठल्याच नियमात नव्हतं. बाईंनी वही मागे चाळली. एका पानावर बोट ठेवलं. "माझ्याकडे तुमचा प्रस्ताव आला होता. ड्रेसिंग सेवेचा नदीपलीकडे विस्तार. मी लगेच मंजूर केला. विस्तार म्हटल्यावर मला वाटलं इथे आहेच, आता तिथेही होणार."

दाराशी टेकू घेऊन उभे असलेले शिंपीकाका इतका वेळ ऐकत होते. "बाईसाहेब," ते म्हणाले, "एक बाही कापून दुसरीला जोडली तर सदऱ्याचा विस्तार होत नाही. हे मी सांगतो. माझा धंदाच होता."

सोळा नंबर हसला, मग तीन नंबर हसला, मग ज्यांना हसताना टाके दुखतात ते पोट धरून हसले. चिमणी सिस्टर मात्र हसली नाही. तिचा हात वर होता, अगदी शाळेतल्यासारखा, आणि तो पाहून भोंगा सिस्टरला आपल्या लेकीची आठवण झाली.

"अजून एक समजलं नाही," चिमणी सिस्टर म्हणाली. "सोमवारी काकांचा पाय कोण बांधणार?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. बाईंनी वहीकडे पाहिलं. ज्याला माहीत असेल त्याने सांगायचं होतं, पण ते कोणालाच माहीत नव्हतं.

"मग मी चार्ज घेत नाही," चिमणी सिस्टर म्हणाली, आणि किल्ली धरलेली भोंगा सिस्टरची मूठ तिने आपल्या दोन्ही हातांनी अलगद मिटवली.

* * *

खरं सांगायचं तर वरच्या बाईंनी तिथल्या तिथे काही भाषण वगैरे केलं नाही. त्या म्हणाल्या, "बघते," आणि वरची माणसं 'बघते' म्हणाली की किती बघतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. मग त्यांनी विचारलं, "इथे टाचेला पट्टी कुठे मिळेल?" तेव्हा भोंगा सिस्टरने त्यांना हाताला धरून त्याच खोलीत नेलं, टाच धुतली, औषध लावलं आणि पट्टी बांधली. शिंपीकाका शेजारी उभे राहून सांगत होते, दुमड आत घे. बाई बराच वेळ त्या स्टुलावर बसून होत्या. जाताना जिन्यात त्या दोनदा बसल्या, आणि दुसऱ्यांदा बसल्या तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं म्हणे. हे औषधवाल्याने पाहिलं.

साहेबांनी त्याच संध्याकाळी भोंगा सिस्टरच्या तळघरातल्या बदलीचा कागद टाइप केला. पण सोमवारी आस्थापनेच्या कारकुनाने तो परत पाठवला. बदली व्हायची तर आधी चार्ज द्यावा लागतो, आणि वॉर्डाच्या वहीत शनिवारच्या हँडओव्हरची शेवटची ओळ अशी होती: ड्रेसिंगच्या खोलीची किल्ली, शंका विचारलेली आहे, उत्तर यायचं आहे, हँडओव्हर चालू. खोली बंद करायची तर किल्ली हवी, किल्ली हवी तर चार्ज हवा, चार्ज हवा तर चिमणी सिस्टरला समजायला हवं. आणि चिमणी सिस्टरला काही केल्या समजत नव्हतं. ती म्हणायची, मी मुळातच जरा मठ्ठ आहे.

सोमवारी सकाळी भोंगा सिस्टरने खिशातली किल्ली काढली आणि खोली उघडली. साडेनऊला जिन्यात काकांचा दम लागलेला आवाज आला.

"किती वाजता येऊ ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस," काका स्टुलावर बसत म्हणाले. "म्हणून मी पहाटेच निघालो."

"काका, पाय वर," भोंगा सिस्टर म्हणाली, आणि दोन नंबर वॉर्डात तीन जणांनी पाय वर केले.

तेव्हापासून अकरा आठवडे झाले, ते हँडओव्हर अजून चालू आहे. सासूबाईंना आता सगळं माहीत आहे, म्हणजे गल्लीला माहीत आहे, कारण भोंगा सिस्टर घरी फक्त वहीतली ओळ म्हणून दाखवते, आणि वही वाचायची नाही असं परिपत्रकात कुठेच नाही. लेकीचा हात गणिताच्या तासाला वर असतो तो असतोच. आणि काकांच्या जखमेने शेवटी लाज वाटून भरायला घेतलंय. तरी ते येतात, म्हणतात, पट्टी कशी बांधते त्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.

साहेब रोज दोन वाजता वॉर्डाच्या दाराशी येतात. भिंतीवरच्या चौकटीकडे बघतात, किल्लीकडे बघतात. परवा त्यांना राहवलं नाही. त्यांनी तोंड उघडलं.

"सिस्टर, ते हँडओव्हर..."

भोंगा सिस्टरने पेल्यातला थर्मामीटर उचलला, झटकला आणि अगदी मायेने त्यांच्या जिभेखाली ठेवला.

"बोलू नका, साहेब," ती म्हणाली, आणि खाली औषधवाल्याने मान वर केली. "रीडिंग चुकतं."